चारशे तेरावा

फिटरची शिक्षा सकाळी सहा वाजता संपली आणि सात वाजता तो पुन्हा अडकला. यात कुणाचा डाव नव्हता की कुणाचा राग नव्हता. झालं ते अगदी नियमाप्रमाणे झालं, आणि नियम कसा पाळायचा हे त्या तुरुंगातल्या शिपायांना फिटरनंच शिकवलं होतं. आता बोंब मारायची तरी कुणाच्या नावानं?

त्या तुरुंगाची एक जुनी पद्धत होती. ज्याची सुटका असेल त्याचं नाव कारकून आदल्या संध्याकाळीच हजेरीपटातून काढून टाकायचा. सुटणारा माणूस सकाळी सहाला बाहेर पडायचा आणि पहिली मोजणी सातला व्हायची. मोजणीला तो असणारच नाही, मग सकाळी सकाळी पुन्हा कागद कोण खराब करणार? पद्धत सोयीची होती आणि आजवर कुणाला नडली नव्हती. पण गेले बारा दिवस मागण्यांसाठी, संपाऐवजी, शिपायांचं 'नियमानुसार काम' चालू होतं. त्यामुळे फिटरची झडती नियमांच्या पुस्तकात लिहिली आहे तशी झाली, म्हणजे दोघांच्या समक्ष, कपड्यांची शिवण न् शिवण चाचपून. मग दहा बोटांचे ठसे, आणि ते दोन वर्षांपूर्वीच्या ठशांशी भिंग धरून ताडणं. मग अंगावरच्या खुणा मोठ्यानं वाचून दाखवणं. डाव्या खांद्यावर तीळ. आहे का तीळ? आहे. दहा मिनिटांचं काम तासभर चाललं. तेवढ्यात मोजणीची घंटा झाली, आणि फिटर बाहेरचं दार आणि आतलं दार यांच्या मधल्या खोलीत, घरचा शर्ट घालून, बाकावर बसून राहिला.

पटावर माणसं चारशे बारा होती. मोजणीत भरली चारशे तेरा.

एक माणूस कमी भरला तर काय करायचं हे तुरुंगात सगळ्यांना पाठ असतं. भोंगा वाजवायचा आणि धावत सुटायचं. जास्त भरला तर? एरवी मोजणारा शिपाई कारकुनाला एक शिवी हासडायचा, पेनानं आकडा दुरुस्त करून खाली सही ठोकायचा, आणि अधीक्षकसाहेब संध्याकाळी न बघताच त्याच्याखाली आपली सही करायचे. पण पुस्तकात असं लिहिलं होतं की पटातला आकडा मोजणाऱ्यानं अधीक्षकांच्या समक्षच दुरुस्त करावा, आणि आकडा जुळेपर्यंत एकही दार उघडू नये. अधीक्षक गेले होते मुख्यालयात, शिपायांच्याच मागण्यांच्या बैठकीला. ते यायचे होते उद्या दुपारी.

आणि फिटरला आज पाचच्या आत त्याच्या जुन्या कारखान्याच्या टाइम ऑफिसात उभं राहायचं होतं.

दोन वर्षांपूर्वी त्या कारखान्यात मोठा संप झाला होता. संप मिटला तेव्हा कामावरून काढलेल्या अकरा जणांपैकी दहा जणांना परत घेतलं. अकराव्यासाठी, म्हणजे फिटरसाठी, युनियननं मालकांशी आठ महिने डोकं फोडलं आणि शेवटी करारात एक कलम घालून घेतलं. शिक्षा संपेल त्याच दिवशी, संध्याकाळी पाचच्या आत, सुटकेचा कागद घेऊन हजर झाला तर कामावर घेऊ. एक मिनिट उशीर झाला तर हक्क संपला. मालकांनी हे कलम मान्य केलं ते काही माया आली म्हणून नव्हे. तुरुंगातून सुटलेला माणूस त्या दिवशी सरळ कामावर येतो असं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, एवढंच.

फिटर बावन्न वर्षांचा होता. या वयात, कपाळावर शिक्षेचा शिक्का घेऊन फिरणाऱ्या माणसाला दुसऱ्या कुठल्या दारात उभं करतील? कारखान्याची दोन खोल्यांची जागा संपात गेली होती, ती नोकरीबरोबर परत मिळणार होती. तोवर बायको तिच्या भावाकडे राहत होती. भाऊ चांगला होता, वहिनीही वाईट नव्हती. पण दोन वर्षं दुसऱ्याच्या घरात कपाटाआडच्या कोपऱ्यात अंथरूण टाकायचं आणि सगळ्यांच्या आधी उठून ते गुंडाळायचं, हे सोपं नसतं. भेटीला आली की ती एवढंच म्हणायची, "चाललंय. तुम्ही या लवकर."

मधल्या खोलीला रस्त्याच्या बाजूनं पोस्टाच्या पेटीला असते तेवढी एक फट होती. तिच्यातून फिटरला बायको दिसत होती. ती सहापासून समोरच्या भिंतीला टेकून उभी होती. हातातल्या पिशवीत त्याचे कामाचे बूट होते. इकडून सुटून परस्पर तिकडेच जायचं असं ठरलं होतं. सातपर्यंत ती हसत होती. आठला तिनं हातानंच 'काय झालं?' असं विचारलं. नवानंतर ती नुसती दाराकडे बघत राहिली.

खोलीत एक टेबल होतं, टेबलावर पट होता, आणि पटासमोर मोजणीचा शिपाई बसला होता. बाकीचे शिपाई त्याला 'पुस्तक्या' म्हणायचे, कारण नियमांचं पुस्तक तो जेवतानाही काखेत घेऊन बसायचा. दार उघडत नव्हतं म्हणून त्याची पाळीही बदलत नव्हती. तोही आतच. कैदी कोण आणि शिपाई कोण हे त्या दिवशी फक्त कपड्यांवरून कळत होतं.

या पुस्तक्याला पुस्तक वाचायला लावलं ते फिटरनं. तुरुंगाच्या दुरुस्तीच्या शेडमध्ये फिटर कुलपं, पंप, बिजागऱ्या दुरुस्त करायचा आणि पुस्तक्या तिथं पहाऱ्याला असायचा. शिपायांना तेव्हा सोळा-सोळा तास उभं करत होते. एक जण झोपेनं मनोऱ्याच्या जिन्यावरून खाली कोसळला, त्याचा खुबा मोडला, आणि वर कामावर झोपला म्हणून त्यालाच निलंबित केला.

"संप करायचा तर आमची नोकरी जाते," पुस्तक्या त्या वेळी कुरकुरला होता. "कायदाच तसा आहे. मग करायचं काय, फिटर? असंच मरायचं?"

"संप कशाला करताय? काम करा," फिटर कानस चालवत म्हणाला होता. "पुस्तकात लिहिलंय तेवढं करा आणि लिहिलंय तसं करा. बघा किती दिवस चालतंय हे दुकान."

"एवढ्यानं काय होतंय?"

"कुठलंही काम नियमानं चालत नसतं, भाऊ. ते माणसांनी सांभाळून घेतल्यामुळे चालतं. तुम्ही सांभाळून घेणं सोडा. आणि मोजणी धरा. तुरुंगाची मान तिथं आहे."

असं ते ज्ञान होतं. आता त्याच मानेवर फिटर स्वतः बसला होता.

दहा वाजता बराकींतून थाळ्या वाजायला लागल्या. सकाळचा चहा वाटला गेला नव्हता. अकराला दोन वकील आले आणि परत गेले. आतल्या दाराच्या गजांपलीकडे सात-आठ शिपाई उभे होते, आणि ते फिटरकडे अपराध्यासारखे बघत होते. त्यातला एक म्हातारा शिपाई म्हणाला, "फिटर, तुमच्यावर आलं बघा. आमच्या मनात नव्हतं."

"माहीत आहे," फिटर म्हणाला. दुसरं काय म्हणणार? बारा दिवस यांनी दम धरला म्हणून त्याला त्यांचा अभिमानच वाटत होता. आणि आता त्यांच्यापैकी कुणीतरी मुकाट्यानं सही ठोकावी असंही वाटत होतं. दोन्ही एकाच वेळी वाटत होतं आणि त्याची त्याला लाज वाटत होती.

एक वाजता गजांपलीकडे जेलर आले. माणूस अंगानं जाड आणि बोलायला गोड. तोंडात खोकल्याची गोळी.

"काय हो फिटर, अजून इथंच?" ते म्हणाले. "पाचची वेळ आहे ना तुमची?"

"साहेब, तुम्ही करा की दुरुस्ती."

"मी? माझ्या सहीनं काय होतंय? मोजणाऱ्याचा हात लागतो." त्यांनी गोळी या गालातून त्या गालात सरकवली. "तो तुमचं ऐकतो. एक शब्द टाका. रोजच्यासारखा आकडा नीट करायचा, बारीकशी सही. तुम्ही मोकळे, चारशे बारा लोकांना जेवण, सगळ्यांचं भलं."

"आणि ती सही तुम्ही मुख्यालयात पाठवणार."

"पाठवणार तर," जेलर प्रामाणिकपणे म्हणाले. "मी तुम्हाला फसवत नाही. यांचं सोंग मोडायला मला नियमाबाहेरची एकच सही हवी आहे. एकानं नियम सोडला की बाकीच्यांचं 'नियमानं काम' म्हणजे नुसती अडवणूक ठरते. तुम्हाला पण तीच हवी आहे. बघा बुवा."

ते गेले. फिटर भिंतीकडे तोंड करून बसला. त्याला त्या गोड बोलण्याचा राग आला होता आणि ते बोलणं खरं होतं याचा जास्त आला होता.

त्याला शिक्षा झाली ती अशाच एका फुटणाऱ्यापायी. संपाचा चौथा महिना होता. लेथवर काम करणारा एक जण पहाटे मागच्या भिंतीवरून उडी मारून कामावर निघाला होता. फिटरनं त्याला धरला आणि हातातल्या पाइपानं त्याचा पाय मोडला. कोर्टात लेथवाल्यानं साक्षीत सांगितलं की घरी मूल आजारी होतं, दुसरा इलाज नव्हता. फिटरनं ते ऐकलं होतं, म्हणजे नुसतं कानांनी ऐकलं होतं. शेवटी न्यायाधीशांनी विचारलं, पश्चात्ताप होतो का? 'हो' म्हणायचं असं वकिलानं त्याच्याकडून तीन वेळा घोकून घेतलं होतं. पण मागच्या बाकांवर सगळे साथी बसलेले, आणि फिटरला राहवलं नाही. तो म्हणाला, "साहेब, फुटणाऱ्याला प्रत्येकाला काहीतरी कारण असतंच. कारणं ऐकत बसलो तर न फुटणाऱ्यांनी कुठं जायचं?" त्या एका वाक्यानं दीडची दोन वर्षं झाली असं वकील सांगायचा. पण ते वाक्य कारखान्याच्या गेटवर गाजलं. युनियननं त्याचा फलक केला होता म्हणे.

अडीच वाजले. तीन वाजले. फिटरनं मनाशी ठरवून टाकलं होतं की आपण मागायचं नाही. नोकरी जाईल तर जाईल. मेव्हण्याच्या घरात आपलंही अंथरूण कपाटाआड पडेल, पडू दे. हे ठरवल्यावर दहा मिनिटं त्याला हलकं वाटलं. मग फटीतून बघितलं तर बायको भिंतीपाशी नव्हती.

ती दाराशी आली होती. तिचे डोळेच तेवढे फटीत दिसत होते.

"अहो, साडेतीन झाले."

"माहीत आहे."

"इथून तासाभराचा रस्ता आहे. मी रिक्षा थांबवून ठेवलीय. काय म्हणतायत ते?"

"सही व्हायला हवी. आज होत नाही."

"कुणाची सही?"

फिटरनं टेबलाकडे बघायचं टाळलं. पण फटीतून टेबल दिसत होतं, टेबलावरचा पट दिसत होता आणि पुस्तक्याही दिसत होता. बायको काही खुळी नव्हती.

"दादा," ती थेट पुस्तक्याला म्हणाली, "तुमची सही लागते का? मग करा ना. यांची शिक्षा संपली आहे हो. दोन वर्षं मी दुसऱ्याच्या दारात काढली. आज नाही तर मग कधीच नाही. तुम्हाला बहीण असेल ना?"

पुस्तक्याचे कान लाल झाले. आतल्या दाराचे शिपाई गजांना येऊन चिकटले. पुस्तक्यानं पेन उचललं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं. मग तो फिटरकडे वळला. रात्रपाळी आणि त्यावर हा सगळा दिवस, त्याचे डोळे सुजले होते.

"फिटर," तो म्हणाला, "मला सुचत नाही. तुम्ही सांगा. तुम्ही नुसतं 'नको' म्हणा, मी पेन खिशात ठेवतो. तुमचा शब्द मी मोडणार नाही."

सगळं त्या एका शब्दावर येऊन थांबलं. शब्द फिटरच्या ओळखीचा होता. गेटवर, मीटिंगमध्ये, मालकांच्या तोंडावर त्यानं तो हजारदा उच्चारला होता. आता तो घशापर्यंत आला आणि तिथंच राहिला. 'हो' म्हणायची त्याची हिंमत नव्हती आणि 'नको' म्हणायचीही नव्हती. फटीतून बायकोचा श्वास ऐकू येत होता. फिटरनं मान खाली घातली आणि स्वतःच्या चपलांकडे बघत राहिला.

पुस्तक्यानं थोडा वेळ वाट पाहिली. थोडा म्हणजे चांगलाच, उत्तर द्यायचं असतं तर पुरला असता एवढा. मग कागदावर पेन फिरल्याचा आवाज आला.

गजांपलीकडून म्हातारा शिपाई म्हणाला, "अरे, बारा दिवस रे." एवढंच म्हणाला.

मग सगळं भराभर झालं. जेलर कुठं दबा धरून होते कोण जाणे, पट उचलायला ते लगेच हजर. सुटकेचा कागद आला, शिक्का बसला, बाहेरच्या दाराची किल्ली फिरली. फिटरनं वळून पुस्तक्याकडे पाहिलं. तो पुस्तक काखेत घेऊन उभा होता. त्याला आत जायचं होतं, पण आतल्या दाराशी उभे असलेले त्याचेच सोबती वाट सोडत नव्हते. कुणी शिवी दिली नाही, कुणी हात उगारला नाही. ते नुसते त्याच्याकडे पाठ करून उभे होते. फिटरला काहीतरी बोलायचं होतं, पण बाहेरून बायकोनं दंडाला धरून ओढलं.

रिक्षात तिनं त्याच्या चपला काढून पायांत बूट चढवले, लहान मुलाला चढवावेत तसे. ती हसत होती आणि रडत होती. "भला माणूस हो," ती म्हणाली. "देवमाणूस. त्याला एकदा घरी बोलवू आपण. जेवायला बोलवू." फिटर बाहेर बघत होता. दोन वर्षांत रस्त्यावर काय काय बदललं हे त्याला दिसत होतं आणि काहीच दिसत नव्हतं.

पाचला अकरा मिनिटं कमी असताना ते गेटवर पोचले. टाइम ऑफिसच्या कारकुनानं घड्याळ बघितलं, कागद उलटापालटा करून बघितला, फोनवर कुणाला तरी विचारलं आणि तोंड पाडून शिक्का मारला. खिडकीतून नवीन कार्ड बाहेर आलं. गेटवर चाळीस-पन्नास जण जमले होते. आरोळ्या उठल्या, कुणी पाठीवर थापा मारल्या, कुणी त्याला उचलायला बघत होतं. फिटर हसत होता. तोंडाला जसं जमेल तसं हसत होता.

युनियनचा सेक्रेटरी एका बाजूला फोनवर बोलत होता. शिपायांच्या लढ्याला युनियनचा पाठिंबा होता, त्यामुळे त्यांच्या माणसांशी त्याचं रोजचं बोलणं असायचं. फोन ठेवून तो आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"खेळ खलास," तो म्हणाला. "शिपायांच्यातला एक फुटला. मोजणीवर होता म्हणे. नेहमीसारखी सही करून टाकली भडव्यानं. जेलरनं तो कागद लगेच मुख्यालयात धाडला आणि तिकडे बैठकच मोडली. तो जिन्यावरून पडलेला शिपाई, त्याला तर आता कायमचाच घरी पाठवतायत." मग त्यानं फिटरच्या खांद्यावर हात ठेवला. "त्या गडबडीत दारं उघडली आणि तू निसटलास. तुझं नशीब दांडगं म्हणायचं!"

"कारण तरी काय दिलं त्यानं?" कुणीतरी विचारलं.

"कारण काय, प्रत्येकाला असतंच," सेक्रेटरी म्हणाला, आणि सगळे फिटरकडे बघून मोठ्यानं हसले, कारण ते वाक्य सगळ्यांना पाठ होतं. "असल्याचा पायच मोडायला हवा. तिथं आपल्या फिटरसारखा एक गडी हवा होता. काय फिटर, खरं की नाही?"

बायको दोन पावलांवर रिकामी पिशवी घेऊन उभी होती. तिचं हसू थांबलं होतं. ती नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होती.

"खरं आहे," फिटर म्हणाला.

पुन्हा एकदा आरोळी उठली. पाचचा भोंगा झाला, दुसऱ्या पाळीची माणसं आत शिरायला लागली, आणि मागच्यांनी ढकलत ढकलत त्यालाही आत नेलं.